पडद्यातलं वावर

काकांच्या कॉम्प्युटरच्या खोलीत चप्पल घालून गेलेला माणूस मी तीन वर्षांत पाहिला नाही. देवघरात काकू एखाद्या वेळी सपाता घालून जायच्या, फरशी थंड लागते म्हणून. पण या खोलीत नाही. मी भाड्याने राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात चार्जर मागायला म्हणून सरळ आत शिरलो, तर काका खुर्चीतून न उठता म्हणाले, "मास्तर, खळ्यात चपला घालून येते काय कोनी?" मी इकडेतिकडे पाहिलं. दहा बाय दहाची खोली, खाली टाइल्स, एक टेबल, खिडकीत कुलर. खळं काही दिसेना. मग पडद्याकडे लक्ष गेलं. पडद्यावर काळंभोर शेत होतं आणि त्याच्या कडेच्या धुऱ्यावर एक लाल ट्रॅक्टर उभा होता.

मी मुकाट्याने चप्पल बाहेर काढून आलो. शिकलेल्या माणसाला अशा वेळी हसू येतं, तसं मलाही आलं आणि ते मी दाबलं. आता ते हसू आठवलं की माझा मलाच राग येतो.

मंगरूळपीरच्या एका शाळेत मी तेव्हा संगणक शिकवायचो. शिकवायचो म्हणजे वीसपैकी जे सात-आठ कॉम्प्युटर चालू असत त्यांच्यापुढे साठ पोरं बसवायचो, आणि उरलेल्या वेळात बंद पडलेल्यांची पोटं उघडून बघायचो. खोली शोधत नव्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, आलो तेव्हा काका ओट्यावर बसले होते. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. "वावर हाय काय तुमाले?" एवढंच विचारलं. रिसोडकडे बापाचं चार एकर आहे म्हटल्यावर त्यांनी आतून किल्ली आणून दिली. "मंग राहा. वावर नसलेल्या मानसासंगं मी काय बोलू?" त्या दिवशी मी "तुमी" होतो. दुसऱ्या दिवसापासून "तू" झालो. मास्तर मात्र शेवटपर्यंत राहिलो.

गंमत अशी, की वावर आता त्यांनाही नव्हतं. गावाकडे अकरा एकर होतं. मोठा रस्ता आला तो नेमका त्या अकरा एकरांच्या पोटातून गेला आणि दोन बाजूंना जे उरलं तेही त्याच कामात गेलं. पैसा मिळाला, वेळेवर मिळाला, त्याबद्दल काका कधी कुरकुरले नाहीत. त्यातून हे दुमजली घर झालं. पण घराला अंगणभर टाइल्स, कुंपणापर्यंत सिमेंट; माती म्हणून औषधालाही नाही. काकूंनी एका फुटक्या टबात कढीपत्ता लावला होता. काका त्या टबाकडे बघायचेही नाहीत. "टबात लावते ते झाड नसते," म्हणायचे, "ते पेशंट असते."

त्या नव्या रस्त्यावरून ते कधीही गेले नाहीत. अमरावतीला मेहुण्याकडे जायचं झालं तरी जुन्या रस्त्याने, लाल डब्यात बसून, दोन तास जास्त घालवून. एकदा मीच म्हणालो, काका, एवढा गुळगुळीत रस्ता आहे, जीपवाला दीड तासात सोडतो. तर म्हणाले, "तो माह्या वावरातून जाते. मी काहून जाऊ पिकावरून?"

कॉम्प्युटर त्यांच्या मुलाचा. मुलगा पुण्याला नोकरीला. घरून काम करायचे दिवस होते तेव्हा तो वर्षभर इथे येऊन राहिला, त्या वेळी खेळ खेळायला म्हणून त्याने हा भारी कॉम्प्युटर जुळवून घेतला होता. परत जाताना त्याला लॅपटॉप पुरेसा झाला आणि हे धूड मागे राहिलं. बाप रिकामा बसून आईचं डोकं खातो, म्हणून जाण्याआधी त्याने त्यात शेतीचा एक परदेशी खेळ टाकून दिला आणि ट्रॅक्टर कसा चालवायचा ते शिकवलं. बाप दोन महिने रमेल, मग कंटाळेल, असा त्याचा हिशेब असावा. मुलांचे आईबापांबद्दलचे अंदाज बहुतेक असेच असतात.

काकांनी त्या खेळाचे कायदे स्वतः केले. खेळात दिवस पळवायची सोय होती. एक बटण दाबलं की महिना उलटायचा, आज पेरलेलं आजच कापता यायचं. काकांनी त्या बटणाला हात लावला नाही. मुलाकडून फोनवर विचारून विचारून त्यांनी असं लावून घेतलं होतं, की खेळातला महिना भिंतीवरच्या कॅलेंडराबरोबर संपेल. हा ताळमेळ चुकू नये म्हणून बसायचं ते सकाळी सात ते अकरा आणि दुपारी चार ते दिवस मावळेपर्यंत. मधे आराम, कारण त्या वेळी बैलही सोडतात. मृग लागल्याशिवाय पेरणी नाही. खेळात पाऊस पडला तरी नाही. तो बाहेर पडला पाहिजे. रब्बीला वावर रिकामं, कारण त्यांच्या खऱ्या वावरात विहीर नव्हती. उन्हाळ्यात वखरणी, आणि ती झाल्यावर काही काम नसलं तरी टेबलाशी बसून रिकाम्या जमिनीकडे बघत राहायचं.

त्या खेळात तूर नव्हती. सोयाबीन होतं, गहू होता, आपल्याला नावं माहीत नाहीत अशी चार पिकं होती, पण तूर नाही. सोयाबीनच्या दर सहा तासांनंतर, म्हणजे ओळींनंतर, काका एक तास मोकळा सोडायचे. न पेरलेली ती एकेक ओळ वावरभर दिसायची.

"काका, या तासात काय हाय?" मी विचारलं.

"तूर."

"पन तूर तर खेळातच नाई."

"खेळात नाई," काका म्हणाले. "वावरात हाय."

काकू या सगळ्याला टीव्हीतलं वावर म्हणायच्या. "पेरलं यायनं टीव्हीत," शेजारणीला सांगायच्या, "आता एखाद्या दिशी निंदाले मले बलावतीन." बोलायला तिखट, पण सकाळी नऊला काकांची न्याहारी त्या खोलीत यायची ती फडक्यात बांधून. भाकर, ठेचा, कांदा. ताटात वाढून आणलेली मी कधी पाहिली नाही.

काकांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कोणी म्हटलं यंदा पीक झकास आहे, की ते म्हणायचे, "उभं पीक म्हंजे पीक नाई बाप्पा. घरी आलं ते पीक." मला हे वाक्य आधी म्हातारपणाची सवय वाटायची. पहिल्या वर्षी दसऱ्याच्या आगेमागे त्याचा अर्थ कळायला सुरुवात झाली.

खेळातलं सोयाबीन पिवळं पडलं, पानं झडली, शेंगा वाळल्या. काकांनी टेबलाशी नारळ फोडला आणि हार्वेस्टर पिकात घातला. दहा-वीस पावलं गेला असेल. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधला पंखा ओरडायला लागला, चित्र होतं तिथे थिजलं, स्पीकरमधून एकच सूर निघत राहिला आणि पडदा काळा झाला. मग कॉम्प्युटर आपोआप पुन्हा सुरू झाला, जसं काही झालंच नाही.

मी शाळेतून आलो तेव्हा काका कॅबिनेटच्या मागच्या जाळीला उलटा हात लावून बसले होते, बैलाचा ताप बघायला कानाला लावतात तसा. "अंगात कणकण हाय याच्या," ते म्हणाले. रोग त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखला होता. मी पडलो शिकलेला, मला तो ओळखायला पुढे दोन वर्षं लागली.

"घाबरू नका काका," मी म्हणालो. "सकाळचं सेव्ह हाय. तिथून पुन्हा चालू करू, पीक होतं तसंच उभं असन."

"अन् आता हे गेलं ते?"

"ते गेलंच नाई असं समजाचं."

मयतीच्या घरी कोणी लग्नाची गोष्ट काढावी, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गारपीट झाली अन् म्हनाचं झालीच नाई. असं राह्यते काय मास्तर? गेलं ते गेलं. पुढल्या साली पाहू." आणि त्यांनी खरोखर सगळं उभं पीक खेळातल्या नांगराने मोडून टाकलं. मी मागे उभा राहून बघत होतो आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारत होतो.

बिघाड शोधायचा तर तो पुन्हा पुन्हा घडवून बघावा लागतो. इथे तो वर्षातून एकदाच घडायचा. पेशंट दर दसऱ्याला एकदाच खोकून दाखवणार आणि त्यावरून डॉक्टरने औषध द्यायचं, अशी माझी गत. त्यात काकांची आणखी एक अट, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. "खतही बदललं अन् बियानंही बदललं, तं पिकलं कायनं ते कसं समजन?" मला हे खोडून काढता येईना, कारण मी पोरांना फळ्यावर हेच लिहून द्यायचो.

एवढं मला कळत होतं, की दुखणं चित्र काढणाऱ्या कार्डाचं आहे. कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक कार्ड म्हणून एक वेगळा भाग असतो, पडद्यावरचं पान न् पान तो काढतो. रिकामं वावर काढायला त्याला काही लागत नाही. पण पीक दाट उभं राहिलं, त्यात यंत्र शिरलं, धूळ उडाली, शेंगा पडू लागल्या, की त्याच्यावर सगळा भार येतो. म्हणजे पेरणीत, डवरणीत, फवारणीत कॉम्प्युटर ठणठणीत. मरायचा तो सोंगणीतच, ऐन कापणीत. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी पडद्यावरच्या मोडलेल्या वावराकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंग बरोबर हाय. जे होते ते सोंगनीतच होते."

त्या हिवाळ्यात मी ड्रायव्हर धरला. "ते काय राह्यते?" काकांनी विचारलं. मी म्हणालो, कार्ड एक बोलतं, कॉम्प्युटर दुसरं समजतो. या दोघांच्या मधे बसून एकाचं दुसऱ्याला सांगणारा प्रोग्राम असतो. "म्हंजे दलाल." तसंच म्हणा. "मंग त्यालेच पकड. चोर तोच असन." मी जुना ड्रायव्हर मुळासकट काढला, नवा टाकला. त्या नव्या ड्रायव्हरने डेस्कटॉपचं साधं चित्रही थरथरायला लागलं. मग आणखी मागचा, दोन वर्षांपूर्वीचा शोधून आणून बसवला. काकांना हे फार पटलं. "जुना दलाल लुटते, पन वळखून लुटते," म्हणाले. त्यावर आम्ही दोघेही हसलो आणि पुढचे आठ महिने पीक वाढायची वाट बघत बसलो.

मी वाट बघत बसलो असं म्हणतो, पण मी एक लबाडी केली होती. काका अंघोळीला गेले असताना खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा दर्जा खाली ओढून ठेवला. सावल्या बंद, पानं कमी, लांबचं दिसणं कमी. कार्डावरचा भार निम्मा. दुसऱ्या दिवशी शाळेतून येतो तर काका ओट्यावरच उभे.

"मास्तर, माह्यं पीक कोनं उपटलं?"

"उपटलं नाई काका. कमी दिसते फक्त. असं ठेवलं तं सोंगनी होऊन जाईन."

"इरळ पीक सोंगून मी काय सांगू लोकायले?" ते म्हणाले. कोणत्या लोकांना, हे मी विचारलं नाही. सावल्या, पानं, सगळं पहिल्यासारखं करून दिलं.

दुसऱ्या दसऱ्याला हार्वेस्टरच्या दोन फेऱ्या निघाल्या. तिसरी वळताना पंखा ओरडला, तोच सूर, तोच काळा पडदा. मी त्या वेळी खोलीत होतो. काकांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि त्या काळ्या पडद्याकडे बघतच त्यांनी मला ते सांगितलं. आधी कधी सांगितलं नव्हतं, नंतरही नाही.

जमीन कागदावर गेल्यावरही वर्षभर काम सुरू झालं नव्हतं. लोक म्हणाले पेरून घ्या, कोण येतंय. काकांनी पेरलं. सोयाबीन असं आलं, की त्या मातीने जाता जाता सगळं देऊन टाकायचं ठरवलं असावं. सोंगणीला आठवडा राहिला आणि रस्त्याची यंत्रं धुऱ्यावर येऊन लागली. काका ठेकेदाराच्या माणसाकडे गेले. "मी म्हनलं, आठ दिस दे बाप्पा. जमीन तुयी हाय, मी काय नाई म्हनत नाई. पीक माह्यं हाय. आठ दिस." तो माणूस चांगला होता, हो म्हणाला. चौथ्या दिवशी काका मजूर ठरवायला दुसऱ्या गावी गेले होते. परत आले तेव्हा वावर सपाट होतं आणि त्यावर मुरूम पडत होता. त्या माणसाला वरून फोन आला होता म्हणे.

"पैशे त्याचेही भेटले," काका म्हणाले. "पन किती झालं असतं ते नाई समजलं. एकरी किती आलं असतं. तेवढंच नाई समजलं मास्तर."

मी त्यांना म्हणालो, "पुढल्या साली निघन काका. माह्यावर सोडा." माणसाने असं बोलू नये. पण त्या वेळी ते मनापासून आलं होतं, आणि तिसऱ्या वर्षी मी खरोखर इरेला पेटलो.

श्रावणात शाळेतला एक कॉम्प्युटर अगदी तसाच मरायला लागला. तो उघडला तर कार्डाच्या पंख्यात बोटभर धूळ. शाळेची वस्तू उघडताना मी मागेपुढे बघत नाही. काकांचं महागडं कार्ड सोडवायला मी दोन वर्षं घाबरत होतो, म्हणून सगळे उपाय वरवरचे चालले होते. त्या रविवारी काकांसमोर चादर अंथरून ते सोडवलं. पंख्याखालच्या पत्र्यांमध्ये लोकरीसारखा थर बसला होता. लेआउटच्या मागे वावरं आहेत, दर दसरा-दिवाळीला तिथे मळणीचे थ्रेशर चालतात, त्यांचं कुटार, म्हणजे भुसा, खिडकीतून येऊन कार्डात भरलं होतं. दुसऱ्यांच्या सोयाबीनने काकांच्या सोयाबीनचा श्वास कोंडला होता. आतली उष्णता ओढून घेणारी पेस्ट चुन्यासारखी वाळली होती. ती खरवडून नवी लावली, ब्रशने सगळं साफ केलं. काका शेजारी उकिडवे बसून बघत होते. "म्हंजे तापच होता," एवढंच म्हणाले.

भादव्याच्या शेवटी पीक वाळलं. तेवढ्यात अमरावतीहून मेहुण्याच्या आजारपणाचा फोन आला आणि काका-काकू दोन दिवसांसाठी गेले. किल्ली माझ्याकडे होती.

मला खात्री करून घ्यायची होती. आणखी एकदा तो काळा पडदा त्यांच्यासमोर यावा, हे मला सहन झालं नसतं. मी त्यांच्या खेळाची एक प्रत काढली, कॅबिनेटचं बाजूचं झाकण उघडलं, समोर टेबलफॅन लावला आणि पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाचं तापमान दिसेल असं केलं. मग हार्वेस्टर पिकात घातला. सत्तर. बहात्तर. त्र्याहत्तर. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. माझी नजर त्या आकड्याला चिकटून होती. तो त्र्याहत्तरवर थांबला तो वर गेलाच नाही. तीन तासांनी वावर रिकामं झालं, कॉम्प्युटर जिवंत होता. मी एकटाच खुर्चीत मोठ्याने हसलो. मग ती प्रत पुसून टाकली, झाकण लावलं, खोलीला कडी घातली. त्या दिवशी आत जाताना मी चप्पल काढली होती की नाही, ते आता कितीही आठवलं तरी आठवत नाही.

काका परत आले त्याच संध्याकाळी माझ्या बापाचा फोन आला. मजूर मिळत नाहीत, सोयाबीन तडकायला आलं, रजा टाकून ये. मी काकांना म्हणालो, "काका, आता पक्कं निघते पीक. पन मी आल्यावरच सोंगा. मले पाहाचं हाय. आठ दिस थांबा." आठ दिवस म्हटल्यावर माझी जीभ माझ्याच दाताखाली आली. काका मात्र शांत होते.

"शेंगा फुटतीन थोड्या," ते म्हणाले. "फुटू दे. आठ दिस काय, दिले तुले. तवरोक याले काय करू?"

"काही नाई. बाजूचं झाकन उघडं ठेवा, थंड ठेवा. बस."

थंड ठेवा. वऱ्हाडातल्या माणसाला मी हे दोन शब्द सांगून रिसोडच्या गाडीत बसलो. ऑक्टोबरचं ऊन तापत होतं, खिडकीतला कुलर अजून माळ्यावर चढायचा होता. हे मला सुचायला हवं होतं, आणि मी संगणकाचा मास्तर होतो.

नवव्या दिवशी सकाळी परत आलो. काका ओट्यावरच होते, धुवट धोतर, नवी टोपी. बॅग खाली ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, "तुया बापाले किती झालं?"

"एकरी सात क्विंटल," मी म्हणालो. जिभेवरच होतं ते.

"बरं झालं. पावसाच्या मानानं बरं झालं. चाल आता."

आम्ही चपला काढल्या. काकूंनी हळदकुंकवाचं ताट आणि नारळ आणला. खोलीत शिरताच गारवा लागला आणि ओल्या गवताचा वास आला. कुलर खिडकीतून काढून टेबलापाशी आणून ठेवला होता, त्याचं तोंड कॅबिनेटच्या उघड्या बाजूला. मोटर घरघरत होती आणि जाळीतून पाण्याची बारीक फवार उडत होती.

"आठ दिस झाले, कुलर बंद नाई केला," काका म्हणाले. "घंट्या घंट्यानं पानी टाकलं. कामाले लावाच्या आंधी जनावराले थंडाई पाह्यजे."

त्यांनी कॅबिनेटला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, पाणी चुळकाभर जमिनीवर सोडलं आणि बटण दाबलं. पंखे फिरले. दिवे लागले. पडद्यावर काही आलं नाही.

मी कुलर बाजूला ओढला आणि आत वाकलो. बोअरचं खारं पाणी. कुलरच्या गवतावर उन्हाळाभर बसतो तो पांढरा थर कार्डाच्या पत्र्यावर बसला होता, आणि कार्ड ज्यांवर आत बसतं त्या पिवळ्या दातांवर हिरवं चढलं होतं. कार्ड काढलं, पुसलं, खोडरबराने दात घासले, परत बसवलं. काही नाही. पुन्हा काढलं, उन्हात ठेवलं, अर्ध्या तासाने बसवलं. तिसऱ्या वेळी काकू दारातून म्हणाल्या, "दुसरं आनता येईन ना?"

"येते ना," मी म्हणालो. मला काकांकडे बघवत नव्हतं आणि गप्पही बसवत नव्हतं. "पीक कुटी गेलं नाई काका. ते आत डिस्कमध्ये हाय, जसंच्या तसं. नवं कार्ड टाकलं की होते. खोटं नाई सांगत, तुमी अमरावतीले गेल्ते ना, मी सोता सोंगून पायलं. सारं वावर. एकदाही बंद नाई पडलं."

काकू एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होत्या. मला वाटलं काका आता रागावतील, आणि रागावले असते तर बरं झालं असतं.

"सारं सोंगलं?" त्यांनी विचारलं.

"हो काका."

"तुरीचे तास सोडून?"

"हो."

ते खुर्चीत थोडे पुढे सरकले. तीन वर्षांत त्यांचा चेहरा एवढा उघडा मी पाहिला नव्हता.

"मंग किती झालं?"

तीन तास माझ्यासमोर ते पीक कापलं जात होतं, टाकी भरत होती, ट्रॉलीत दाणे पडत होते, किती झालं ते पडद्यावर एका बाजूला लिहूनही येत होतं. मी तिकडे एकदाही पाहिलं नव्हतं. बापाचे एकरी सात मला झोपेतही सांगता आले असते. इथे मला एकच आकडा आठवत होता, त्र्याहत्तर.

"चांगलं झालं काका," मी म्हणालो.

"चांगलं म्हंजे किती?"

मला खोटंही सांगता आलं नाही. सहा तासांमागे एक रिकामा धरून एकरी किती येतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

काका उठले, बाहेर गेले, ओट्यावर जरा उभे राहिले. फुटलेला नारळ टेबलाखाली तसाच पडला होता, तो उचलायला ते परत आत आले. त्या वेळी त्यांच्या पायात चपला होत्या.